आधण आलं का?

‘‘काका, पन्नास लिटरचा टोप उकळायचा तर बर्नर कुठला घ्यावा?’’

ऐन जेवणाच्या वेळी आलेला हा फोन आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा होता. पस्तिशीचा मुलगा, नोकरी ठाण्याला, उत्साह दांडगा. बदलापूर पश्चिमेला, नदीच्या अंगाला असलेली आमची जुनी तीन मजली इमारत पाडून तिथे आता उंच इमारत उभी राहिली आहे. सोळा घरांची चौसष्ट घरं झाली. पावसाळ्यापूर्वी अडीअडचणीचं सामान एकत्र घेऊन ठेवावं म्हणून त्यानं यादी केली होती. दोरखंड, बॅटऱ्या, औषधांची पेटी असं सगळं रीतसर लिहिलेलं आणि सातव्या क्रमांकावर ‘मोठा बर्नर, नग १’. दुकानदारानं त्याच्यापुढे हाय प्रेशर, लो प्रेशर, पितळी, बिडाचा, एक रिंगचा, दोन रिंगचा असे प्रकार मांडले आणि बिचारा गोंधळून गेला.

आमच्या इमारतीत या विषयातला जाणकार म्हणून माझा लौकिक आहे. बँकेत पस्तीस वर्षं काढली, चार कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांबद्दल विचारायला कुणी फोन करत नाही. बर्नरबद्दल मात्र करतात.

‘‘उद्या सांगतो,’’ म्हणून मी फोन ठेवला. खरं तर उत्तर मला तोंडपाठ होतं. पण ते देण्याआधी या मुलाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती आणि ती सांगायचं धैर्य मला २००५ सालापासून झालेलं नव्हतं.

* * *

माझं बालपण अंबरनाथचं. अंबरनाथ म्हटलं की लोकांना शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं शिवमंदिर आठवतं. आम्हाला आठवायचा तो काड्यापेट्यांचा कारखाना. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विम्को. स्वीडिश कंपनीनं १९२०च्या दशकात हा उद्योग इथे आणला. माझे वडील तिथे कामाला होते. नाक्याला लोक अजूनही विम्को नाका म्हणतात.

घरात काड्यापेटीला तोटा नव्हता. तोटा असायचा तो रॉकेलचा. स्वयंपाक पंपाच्या स्टोव्हवर. त्याला सगळे सरसकट ‘प्रायमस’ म्हणत, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. पिन मारायची, पंप मारायचा, की स्टोव्ह असा फुरफुरायचा की शेजारच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नसे. हा स्टोव्हही मूळचा स्वीडनचाच. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं तो १८९२ साली काढला. काडी स्वीडनची, स्टोव्ह स्वीडनचा आणि त्यावर शिजायचा तो मात्र आमचा रेशनचा तांदूळ!

आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब होता. आजच्या मुलांनी तो प्रदर्शनात पाहिला असेल. मधोमध उभं नळकांडं, त्यात ढलप्या नि कोळसे, आणि नळकांड्याच्या सभोवार पाणी. म्हणजे विस्तव पाण्याच्या पोटात. चुलीवर भांडं ठेवलं की निम्मी आच कडेनं वाया जाते. बंबात तिला पाण्याला शिवल्याशिवाय बाहेर पडायला वाटच नाही. ज्या कुणी कासारानं हा बंब पहिल्यांदा घडवला असेल, त्याच्या बुद्धीला मी आजही हात जोडतो.

पिण्याच्या पाण्याचा कायदा आईचा होता. पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यायचं आणि आधण आल्याशिवाय झाकण काढायचं नाही. ‘आधण येणं’ हा शब्द आता घराघरांतून हरवत चालला आहे. पाणी गरम होतं, कढत होतं, मग त्याला आधण येतं. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे आईला माहीत होतं. मला ते शिकायला पंचेचाळीस वर्षं लागली आणि त्याची किंमत बहुधा दुसऱ्याच कुणी मोजली.

* * *

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याच दिवशी उल्हास नदीनं बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात जे केलं, ते मुंबईच्या वर्णनात मागे पडतं.

मी तेव्हा उल्हासनगरच्या शाखेत अधिकारी होतो. ती रात्र आम्ही आठ-दहा जणांनी शाखेतच, टेबलांवर पाय वर घेऊन काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखल तुडवत घरी पोचलो तर तळमजल्याच्या खिडक्यांवर पाण्याची रेघ उमटलेली. चार घरांचे संसार रस्त्यावर आलेले. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलेलं. वीज नाही, नळाला पाणी नाही.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. पाणी गढूळ होतं. ते उकळूनच प्यायचं याबद्दल दुमत नव्हतं. पण तळमजल्याच्या लोकांकडे शेगडीच उरली नव्हती आणि वरच्या बऱ्याच घरांतले सिलिंडर संपत आले होते. नवा कधी येईल याचा नेम नव्हता. तेव्हा पाणी एकाच ठिकाणी उकळून वाटायचं असं ठरलं. ठरवणारा मीच. बँकेतला माणूस म्हणजे हिशेबाचा पक्का, अशी लोकांची समजूत असते आणि आपणही ती मोडत नाही.

गणपतीच्या सामानातला साठ लिटरचा ॲल्युमिनियमचा टोप काढला. जिन्याखाली घरगुती गॅसची एकेरी शेगडी मांडली, घरगुती सिलिंडर जोडला. टोपात पन्नास लिटर पाणी ओतलं. टोपाच्या मापाचं झाकण सापडेना, तेव्हा तो उघडाच राहिला. पावसाचा वारा ज्योतीला एकदा इकडे, एकदा तिकडे लोळवत होता. एक तास झाला, दोन तास झाले, अडीच झाले. लोक कळश्या, बाटल्या घेऊन रांगेत उभे. मुलं रडत होती. टोपाच्या बुडाशी बारीक बुडबुडे दिसू लागले, वर वाफ दिसू लागली. मी घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं, ‘‘उकळलं. चला, घ्या भरून.’’

पहिल्या मजल्यावरच्या आजी कठड्याला धरून उभ्या होत्या. कोकणातल्या मोठ्या घरात वाढलेल्या, मोठमोठ्या पंक्तींचा स्वयंपाक बघितलेल्या. त्या म्हणाल्या, ‘‘अहो साहेब, ह्याला आधण नाही आलेलं. नुसतं तापलंय.’’

‘‘आजी, वाफ दिसतेय की!’’

‘‘वाफ काय, चहाच्या कपालाही येते.’’

रांगेतले दोघे-तिघे हसले. मी मात्र हसलो नाही. कर्जाचा अर्ज नामंजूर करताना लावायचो तो आवाज लावून मी म्हणालो, ‘‘चालेल तेवढं.’’ आणि पाणी वाटलं. ते चार दिवस आम्ही असंच पाणी वाटत होतो.

ऑगस्ट सरता सरता तळमजल्यावरच्या एका मुलाला कावीळ झाली. त्याच्या घरात त्या चार दिवसांत आम्ही वाटलेल्या पाण्याखेरीज दुसरं पाणी नव्हतं. मुलगा दहावीत होता. दीड महिना अंथरुणाला खिळला, सहामाही परीक्षा बुडाली. पुढे बरा झाला, पासही झाला. डॉक्टर म्हणाले, पुराच्या दिवसांत सगळेच त्या घाणीतून हिंडले, कशानं झालं ते सांगता येणार नाही. मला कुणी काही बोललं नाही. आजीही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तोच मुलगा आज आमचा सेक्रेटरी आहे.

* * *

माझे डोळे उघडले ते उल्हासनगरात, माझ्याच टेबलासमोर.

उल्हासनगरची गोष्ट वाचकांना ठाऊक असेलच. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित तिच्या बराकींत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वस्तीला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. पण लोकांच्या तोंडी आजही कॅम्प एक, कॅम्प दोन असेच पत्ते असतात. ज्यांनी रांगेत उभं राहून सामुदायिक चुलीवरचं अन्न खाल्लं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी हजारोंच्या पंगती उठवणारे भंडारे उभे केले. मोठ्या भांड्याखाली आच किती लागते हे या गावाला सांगावं लागत नाही.

आमच्या शाखेचे एक ग्राहक कॅम्प चारमध्ये केटरिंगचा धंदा करायचे. वयस्क सिंधी गृहस्थ, डोक्यावर पांढरी टोपी. नव्या भट्ट्यांसाठी त्यांना कर्ज हवं होतं. कोटेशनवर बर्नरच्या किमती पाहून मी म्हणालो, ‘‘शेठ, एवढे महाग कशाला? साध्या शेगडीवर होणार नाही का?’’ आणि बोलता बोलता, का कोण जाणे, जिन्याखालच्या टोपाची हकीकत त्यांना सांगून बसलो.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘साहेब, गॅस घरचा, टोप लग्नाचा. ही सोयरीक जमणार कशी?’’

त्या संध्याकाळी ते मला त्यांच्या गोदामात घेऊन गेले. लोखंडी चौरंगावर बिडाचा बर्नर, त्यावर आमच्याच मापाचा टोप. काडी लावताच निळी ज्योत बुडाखाली गोल पसरली आणि असा घोंगावणारा आवाज निघाला की मला आईचा स्टोव्ह आठवला. त्यांनी झाकण ठेवलं, वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा केला आणि मला म्हणाले, ‘‘आता बघू नका, ऐका.’’

पाणी आधी सूं सूं करू लागलं. आवाज चढत चढत गेला. मग एकाएकी उतरला, आणि पाठोपाठ खळखळ सुरू झाली. झाकण थडथडू लागलं. अर्धा तासही झाला नव्हता. झाकण उचललं तर पाणी तळापासून वर उसळत होतं, मधून, कडेनं, सगळीकडून. जिन्याखाली मी ज्याला ‘उकळलं’ म्हणालो होतो, त्या पाण्याचा नि याचा काही संबंध नव्हता.

* * *

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. वाचकांनी कंटाळू नये. हा हिशेब भाजीवालीच्या हिशेबाइतकाच सोपा आहे.

एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. नळाचं पाणी पंचवीस अंशांचं धरलं तर उकळीपर्यंत न्यायला पंचाहत्तर अंश चढवायचे. म्हणजे पन्नास लिटरला ३,७५० किलोकॅलरी. ही झाली मागणी.

आता पुरवठा. एक किलो गॅस जाळला की सुमारे ११ हजार किलोकॅलरी मिळतात. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर तासाला साधारण १८० ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे दोन हजार किलोकॅलरी. त्यातला सगळा भाग भांड्यात जात नाही. घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के हवी, असं भारतीय मानक सांगतं, तीही प्रयोगशाळेतली. वारा नसताना, भांडं मापाचं असताना पाण्याला मिळतात तासाला जेमतेम तेराशे-साडेतेराशे. या हिशेबानं आमच्या टोपाला काहीही गळती नसती तरी पावणेतीन-तीन तास लागले असते.

आणि गळती तर प्रचंड होती. उघड्या टोपातून वाफ होऊन जाणारं प्रत्येक लिटर पाणी जाताना सुमारे साडेपाचशे किलोकॅलरी घेऊन जातं. पाणी जितकं तापतं तितकी वाफ वाढते. शेवटी अशी वेळ येते की खालून जेवढं जमा, तेवढंच वरून खर्च. मग तुम्ही तास वाढवा, रात्रभर बसा. पाणी तिथेच राहणार. माझा टोप ८० अंशांवर अडला होता की ९० वर, हे मला कधीच कळणार नाही. हा फरक बारीक नाही. बहुतेक रोगजंतू उकळीच्या बऱ्याच खाली मरतात. दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवूनही निर्जंतुक करतात. पण ‘अ’ प्रकारच्या काविळीचा विषाणू चिवट. त्याला निदान ८५ अंशांचा मिनिटभर मार लागतो.

आमच्यापैकी कुणाकडे त्या दिवशी थर्मामीटर होता? आणि म्हणूनच उकळीला महत्त्व आहे. उकळी हा असा थर्मामीटर आहे की जो विकत आणावा लागत नाही आणि ज्याच्यावरचा आकडा निरक्षर माणसालाही वाचता येतो. पाणी खळखळून उसळलं की ते शंभर अंशांना पोचलं. मग एक मिनिट पुरतं. वीस-वीस मिनिटं उकळत ठेवणं म्हणजे गॅस जाळणं. पण त्या उकळीच्या अलीकडे सगळा अंदाजपंचे कारभार.

* * *

२००६च्या वार्षिक सभेत मी भट्टी घेण्याचा ठराव मांडला. ‘कोजागिरीच्या दुधालाही उपयोगी पडेल’ या मुद्द्यावर तो मंजूर झाला. पुराच्या मुद्द्यावर झाला नसता. माणसं संकटापेक्षा सणाची तयारी आनंदानं करतात आणि त्यात काही वाईट नाही. वर्षातून चार वेळा पेटणारी भट्टी पाचव्या वेळी दगा देत नाही. कोजागिरीला, गणपतीला, होळीला ती पेटत राहिली, पोरं तिच्याशी सरावली.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे एक हजार पन्नास प्रवासी होते, त्यांत गर्भवती बायका होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, आसपासच्या गावांतली माणसं, सगळ्यांनी मिळून त्यांना सुखरूप बाहेर काढलं. पुढे प्रवाशांना बदलापुरातल्या एका मंगल कार्यालयात आणलं गेलं. मला ते वाचून बरं वाटलं. संकटात माणसं जिथे न्यावीत अशी आपल्या गावातली खरी जागा मंगल कार्यालयच. कारण तिथे मोठे टोप असतात आणि टोपाला शोभेल अशी आच असते.

आमच्याही अंगणात त्या आठवड्यात भट्टी पेटली. चाळीस मिनिटांत टोपाला आधण आलं. आजी ते बघायला नव्हत्या. मी झाकण उचललं आणि उगाचच पहिल्या मजल्याच्या कठड्याकडे बघितलं.

* * *

तर आता सेक्रेटरीच्या प्रश्नाचं उत्तर.

बर्नर विकत घेताना तो दिसतो कसा हे विचारू नये. तासाला गॅस किती जाळतो हे विचारावं. हा आकडा दुकानदार सांगत नसेल तर दुसरं दुकान गाठावं. पन्नास लिटर पाणी अर्ध्या-पाऊण तासात उकळायचं, आणि निम्मी आच वाया जाणार हे धरून चालायचं, तर तासाला एक ते दीड किलो गॅस जाळणारा बर्नर हवा. याहून मोठा घेऊन फायदा नाही. ज्योत टोपाच्या बुडाबाहेर येऊन कडेनं वर चढू लागली की ती पाण्याला नव्हे, आकाशाला तापवते. ज्योत बुडाच्या आत राहील एवढीच रिंग घ्यावी. ती निळी असावी. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. टोप काळा होतो आणि विषारी वायूही तयार होतो.

हाय प्रेशर बर्नरला त्याचाच रेग्युलेटर आणि त्याच्याच मापाची नळी लागते. घरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर फार कमी दाबानं गॅस सोडतो. त्यावर मोठी भट्टी लावली तर ती कुंथत जळते. म्हणून जेटचं भोक मोठं करून घेणारे महाभाग असतात. तसलं धाडस कुणी करू नये. सिलिंडरही १९ किलोचा, व्यावसायिक वापराचाच घ्यावा. घरगुती सिलिंडर घराबाहेरच्या अशा कामाला वापरणं नियमात बसत नाही. २००५ साली आम्ही तेही पाळलं नव्हतं. तासन्‌तास जोरात गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, अंगावर दव, कधी पांढरं हिम धरतो आणि ज्योत मंदावते. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते आणि ती तो स्वतःच्याच अंगातून काढतो. अशा वेळी सिलिंडरवर गरम पाणी ओतू नये, भट्टीजवळ तर सरकवू नयेच. सतत काम असेल तर वितरकाच्या माणसाकडून दोन सिलिंडर रीतसर जोडून घ्यावेत.

पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो वजन, टोपाचं वेगळं. घरच्या काचेच्या शेगडीवर हे ओझं ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. अँगलचा बसका, चार पायांचा स्टँड हवा. जमीन सपाट हवी. उकळता टोप उचलायचा नाही. लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी काढायचं. लहान मुलांना चार हात लांब ठेवायचं. भट्टी उघड्यावरच पेटवायची. आपल्या इमारतींत विजेचे मीटर खालच्या पार्किंगमध्ये असतात, त्यांच्यापासून दूर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात साठतो. म्हणून तळघरात तर कधीच नाही.

आणि सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे घट्ट बसणारं झाकण. त्याच्या खालोखाल वारा अडवणारा पत्रा. हे दोन नसतील तर महागडा बर्नरही माझ्या जिन्याखालच्या शेगडीच्याच वाटेनं जातो.

चौसष्ट घरांना घरटी दहा लिटर पिण्याचं पाणी धरलं तर ६४० लिटर, म्हणजे तेरा टोप. एका टोपाला सुमारे पाऊण किलो गॅस धरा. अर्ध्या सिलिंडरात काम होतं. पण वेळ लागतो आठ-नऊ तास. दोन भट्ट्या असतील तर निम्मा. तेव्हा ‘नग १’च्या जागी ‘नग २’ लिहावं. बरोबर क्लोरीनची औषधंही ठेवावीत. सगळं ओझं आगीवर टाकू नये. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळावं, फडक्यातून गाळावं, मग उकळावं.

एक इशारा मात्र आमच्या भागातल्या लोकांना मुद्दाम द्यायला हवा. उकळी जंतू मारते, रसायनं मारत नाही. वालधुनीच्या काठी राहणाऱ्याला आणि कारखान्यांच्या शेजाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पुराचं पाणी कितीही उकळलं तरी ते पिण्याचं होत नाही. उकळायचं ते टँकरचं, विहिरीचं किंवा साठवणीचं पाणी.

* * *

शनिवारी आम्ही दोघं लोकलनं उल्हासनगरला गेलो. केटररचं सामान विकणाऱ्या दुकानात दोन बिडाचे बर्नर पसंत केले. दुकानदार बिल करायला आत गेला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. झाकण नसलेला टोप, अडीच तास, बारीक बुडबुडे, आजींचं बोलणं आणि माझं ‘चालेल तेवढं’.

तो बर्नरच्या रिंगेवरून बोट फिरवत ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘काका, पूर ओसरला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं नदीकडच्या डबक्यांत बॅटबॉल शोधत हिंडत होतो. माझ्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. आईला मी अजून सांगितलेलं नाही.’’

मी गप्प राहिलो. माझा हिशेब त्यानं मिटवला असं म्हणता येणार नाही. खातं तसंच उघडं आहे. फक्त आता ते दोघांच्या नावावर आहे.

‘‘झाकण किती इंची घ्यायचं?’’ त्यानं विचारलं.

रविवारी सकाळी अंगणात चाचणी घेतली. नव्या इमारतीतली बरीच मंडळी जमली, निम्म्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. पाण्यानं सूं सूं सुरू केलं तशी एका मुलीनं विचारलं, ‘‘आजोबा, झालं का?’’

मी म्हणालो, ‘‘मला विचारू नकोस. कान दे. आणि मग बाबांना झाकण उचलायला सांगून लांबूनच नीट बघ.’’